कोपराला सोसेल एवढा ताण

यंत्राची दांडी सोडताना मी अजूनही श्वास रोखून धरते. यंत्र म्हणजे टेनिसच्या रॅकेटला गटिंग करायचं, तिच्यात तारा भरायचं यंत्र. शिलाई मशीनपेक्षा थोडं मोठं, टेबलावर ठेवलेलं. दांडीवर एक लोखंडी वजन आहे. ते हव्या त्या किलोच्या खुणेवर सरकवायचं, तारेचं टोक पकडीत घालायचं आणि दांडी हळूच सोडायची. ती खाली येऊ लागते, तार ताणत जाते, आणि दर वेळी माझ्या मनात तेच येतं, की आता काहीतरी तुटणार. तार, नाहीतर रॅकेट, नाहीतर पोरीचा हात.

पोरगी म्हणजे माझी नात. लोहाऱ्याला आमचं घर. मुलगा इथल्याच एका कारखान्यात पाळीवर जातो, सून नर्स आहे. दिवसभर घरात मी, आणि शाळा सुटली की ती. टेनिसचं वेड तिनं कुठून आणलं देव जाणे. आमच्या खानदानात विटीदांडूच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पण एकदा मैदानावर गेली ती तिथलीच झाली.

मग हिवाळ्यात तिचं कोपर दुखायला लागलं. तिनं सांगितलंच नाही. एका सकाळी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, उचलताना तो हातातून सुटला, घरभर पाणी झालं, तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, कोपराला सूज आहे, काही दिवस खेळ बंद, आणि पुढेही असंच दुखत राहिलं तर टेनिस सोडावंच लागेल. ती रडली नाही. परत येताना ऑटोत माझ्या खांद्यावर डोकं टेकून गप्प बसली. बडबडी पोर आहे हो ती, माझ्यावर गेलेली.

तिच्या टेनिसच्या सरांनी रॅकेट हातात घेतली, तारांवर टिचकी मारली आणि म्हणाले, "आजी, हे गटिंग आहे का पत्रा?" दुकानात सगळ्यांच्या रॅकेटी सारख्याच ताठ बांधून मिळायच्या. तार फार ताठ असली की बॉलचा धक्का तारेत जिरत नाही, सरळ कोपरात जातो, असं त्यांनी समजावलं. नागपूरला पाठवून हवी तशी बांधून घ्यायची तर आठवडा जायचा. शेवटी सरच बोलले, "ढिलं बांधा, अन् जमलं तर घरीच बांधा."

मुलानं मोबाईलवर यंत्रं दाखवली. त्याला विजेवरचं आवडलं होतं.

"आई, बटन दाबलं का काम खतम."

"अन् लाइन गेली तर?"

"मंग आली का करू."

"अन् अर्धीच आली तर? आपला पंखा पाह्य, संध्याकाळी कसा रांगते."

तो हसला, पण मी काही हसत नव्हते. ताण यंत्रानं चुकीचा धरला तर दुखणार कोणाला? वजनाला लाइन लागत नाही, ते जिथे ठेवलं तिथे राहतं, एवढं माझ्या डोक्यात बसलं. सरांनीही वजनाचंच घ्या म्हटलं, फक्त रॅकेटला सहा ठिकाणी धरणारं घ्या म्हणाले. दोनच ठिकाणी धरलं तर ताणानं चौकट वाकते. हे ऐकून माझी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. वाकते?

"पण बांधन कोन?" मी विचारलं. मुलाची पाळी, सुनेची ड्यूटी, नातीला ओढाताण करायची मनाई. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"माह्याकडे कायले पाहता? म्या जन्मात रॅकेट धरली नाही."

"आई, तुम्ही बाजा विणता नं," सून म्हणाली. "हेबी विणणंच आहे."

बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, मी विणते, खरं आहे. माहेरी बापाच्या हाताखाली शिकले. आणि विणणं येतं ह्या घमेंडीनंच मला बुडवलं.

यंत्र घरी आलं. सरांनी सरावाला एक जुनी रॅकेट दिली होती. ती यंत्रात अडकवली, सहाही आधार घट्ट केले. नात बाजूला मोबाईल घेऊन बसली. मी म्हटलं, बंद कर तो, विणायचं मला शिकवू नको. बाज विणताना एका कडेपासून सुरुवात करायची आणि पुढे सरकत जायचं. शेवटी पायथ्याशी दोरी ओढली की सगळी ताठ. मी तसंच डाव्या कडेपासून सुरू केलं. दांडी खाली यायची, तार ताणली जायची, चिमट्यानं धरायची, पुढची घ्यायची. मला तर गंमत वाटायला लागली होती.

"आजी, व्हिडिओतला माणूस मधातून सुरू करते."

"करू दे त्याले. त्याच्या बाजेवर कोनी झोपत नसन."

तेवढ्यात काड् असा आवाज झाला. चौकट एका बाजूला चिरली, चिमटा निसटला आणि तार सपकन नातीच्या तोंडासमोरून गेली. मी दांडी सोडून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा.

"मले काही नाही झालं, आजी. रॅकेट गेली पण."

बाजेचं लाकूड सागाचं, भरीव. एकीकडून ओढलं तरी सोसतं. रॅकेट आतून पोकळ असते. तिच्यात मधली तार आधी, मग एक डावी, एक उजवी, असा दोन्हीकडे ताण सारखा चढवावा लागतो. व्हिडिओतला माणूस हेच करत होता.

यंत्रावर मी जुनं लुगडं टाकलं. त्या टेबलाजवळून जायचीसुद्धा नाही, स्वयंपाकघरात जाताना वळसा घालायची. डॉक्टरांनी परत खेळायची परवानगी दिली तरी मी काही लुगडं काढलं नाही. नात त्याच पत्र्यासारख्या रॅकेटनं खेळायला लागली. विचारलं की म्हणायची, बरं आहे. पण एका दुपारी शाळेच्या दप्तराजवळ बसले, तर मलमाचा वास आला.

"काय वं, लावून राह्यली नं लपून?"

"थोडंसंच दुखते."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू भेतं नं त्या मशीनले. म्हनून."

मी उठले आणि लुगडं काढलं. शूरपणा वगैरे काही नव्हता, उलट पहिल्यापेक्षा जास्त घाबरले होते. कारण आता यंत्रात तिची खरी रॅकेट होती, आणि दुसरी घ्यायची तर कधी घेणार? मुलाचा कारखान्यातला काचेचा गॉगल मी तिच्या डोळ्यांवर चढवला, दुसरा स्वतः घातला, आणि तिला दाराजवळ बसवून व्हिडिओतली एकेक पायरी मोठ्यानं सांगायला लावली. वजन सरांनी सांगितलेल्या ढिल्या खुणेवर ठेवलं. मधली तार, डावी, उजवी. आडव्या तारा भरताना एक वर एक खाली, तिथे मात्र बाजेचं विणणं कामी आलं. दर वेळी दांडी खाली येताना मी कान टवकारायची. आवाज आला नाही. शेवटची गाठ मारली तेव्हा माझी पाठ घामानं ओली होती.

दुसऱ्या दिवशी मीही मैदानावर गेले. लोकं बॉल पाहतात, मी तिचं कोपर पाहत होते. हरली ती. ढिल्या तारांवरून बॉल सारखा रेषेबाहेर जायचा. आली ती चिडलेलीच.

"दुखलं?"

"नाही."

"खरं सांग." मी तिचं कोपर धरून जिथे दुखायचं तिथे अंगठा दाबला. तिनं डोळा बारीक केला नाही, हात मागे घेतला नाही.

"आजी, पण बॉल उडून राह्यला. दोन किलो वाढव नं. दोन किलोनं काही नाही होत."

"तुले कोनी सांगतलं?"

"माहं मलेच समजते."

सरांना विचारलं. ते म्हणाले, थोडं वाढवून पाहा, पण जपून. थोडं म्हणजे किती, हे कोणाच्याच कोपरावर लिहिलेलं नसतं. घरी येऊन मी जुन्या तारा कापल्या, रॅकेट अडकवली, आणि वजन हातात धरून बराच वेळ उभी राहिले. नात माझ्या बोटांकडे टक लावून पाहत होती.

"एकच किलो वाढवून राह्यली मी," मी तिला सांगून टाकलं. "यानं दुखलं नाही तर पुढचं पाहू. अन् दुखलं तर लपून मलम नाही, मले सांगाचं."

तिनं तोंड फुगवलं. फुगवू दे. मी वजन सरकवलं, गॉगल चढवला आणि दांडी सोडली.