निबंधात नाव घालू नये

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींना सगळी इमारत जाळेवहिनी म्हणते. हे नाव त्यांच्या यजमानांनीच पाडलं. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या वर, छताला लागून एक कोपरा आहे. तो वहिनींनी कित्येक वर्षांत झाडला नव्हता. तिथे केसासारख्या लांब पायांचे कोळी जाळ्यात उलटे लटकलेले असायचे. बाकीचं घर असं लख्ख की फरशीत तोंड पाहावं.

यजमान म्हणजे आमचे भावजी. पूर्वी एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचे, आता निवृत्त आहेत. माणूस गमत्या. पाहुणे आले की कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हे हिच्या माहेरचे. आले की जायचं नाव काढत नाहीत." वहिनीही हसायच्या आणि म्हणायच्या की निदान माझ्या माहेरचे बसल्या जागी चहा तरी मागत नाहीत.

शाळेत शिकवताना मी हुशार मुलं पुष्कळ पाहिली, पण शांतपणे पाहत बसायची हुशारी फार थोड्यांकडे असते. वहिनींकडे ती आहे. भाजी चिरता चिरता त्यांच्या लक्षात आलं होतं की या कोळ्यांची मादी अंडी जाळ्यात टाकून देत नाही, पिल्लं निघेपर्यंत ती तोंडात धरून ठेवते. एरवी जाळ्याला धक्का लागला की ती अंग गरागरा घुमवते, पण अंडी तोंडात असली की घुमत नाही, हलकेच बाजूला सरकते. पंखा लावला तर काय होतं, भांडं आपटलं तर काय, नुसती फुंकर घातली तर काय, हे सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हौशी निसर्गनिरीक्षकांच्या एका मंडळाने शोधनिबंधांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा मीच वहिनींना तिचं सांगितलं. निबंध त्यांच्या संकेतस्थळावरून पाठवायचा होता. वहिनी आधी नाही म्हणाल्या. मग दुपारची कामं आटोपून माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसू लागल्या. मी फक्त भाषेवरून हात फिरवत होते. मी एखाद्या ठिकाणी 'नेहमी' असं लिहिलं की त्या थांबवायच्या. "नेहमी नको, बाई. दोनदा तसं झालं नव्हतं."

टाइपिंग भावजींनी केलं. कोपऱ्याच्या सुबक आकृत्याही त्यांनीच काढल्या, आणि त्या खरोखर चांगल्या होत्या.

स्पर्धेचा एक नियम होता. परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून निबंधात कुठेही नाव घालायचं नाही, नाव फक्त संकेतस्थळावर नोंदवायचं. वहिनींनी हा नियम फारच मनावर घेतला. 'मी पाहिलं' होतं तिथे 'दिसून आलं' केलं. 'आमच्या स्वयंपाकघरात' होतं तिथे 'एका घरात' केलं. एका फोटोत कोळ्याचा आकार कळावा म्हणून त्यांनी शेजारी पेन्सिल धरली होती, त्यात त्यांची दोन बोटं आली होती. तो फोटोही काढून टाकला आणि पेन्सिल दोऱ्याने टांगून नवा घेतला. मी म्हटलं, तुमची बोटं कोण ओळखणार आहे? त्या म्हणाल्या, नियम तो नियम. अशा रीतीने स्वतःच्या निबंधातून त्यांनी स्वतःला अगदी पुसून काढलं.

वहिनींचा ईमेल नव्हता, म्हणून संकेतस्थळावर खातं भावजींनी स्वतःचं उघडलं. फाईल आधी जाईना, फोटो जड होते. ते हलके केल्यावर ती गेली. भावजींनी वरून हाक मारून सांगितलं, "पोचलं हो तुमचं बाळ."

निकाल लागला तेव्हा निबंधाला दुसरं बक्षीस होतं आणि खाली एकच नाव होतं, भावजींचं.

मी वर गेले. भावजी फोनवर कुणाचं तरी अभिनंदन स्वीकारत होते. फोन ठेवून म्हणाले, की खातं त्यांचं असल्यामुळे संगणकाने त्यांचंच नाव उचललं, आता बदलता येत नाही, आणि नवराबायकोत कसलं आलंय तुझंमाझं. वहिनींनी उलट माझीच समजूत काढली. संगणकाला काय कळतंय, म्हणाल्या. पण चहात साखर घालायला त्या विसरल्या होत्या.

बक्षीस मिळालेल्यांनी आपापल्या घरून पडद्यावर निबंध मांडायचा होता. त्या दिवशी भावजी इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संगणकासमोर बसले. प्रश्न विचारले तर उत्तरं सांगायला वहिनी त्यांच्या शेजारी, पण कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने स्टुलावर. मी दारापाशी.

आधी तिसरं बक्षीस मिळवणारे एक गृहस्थ आणि त्यांची भावजय असे दोघं बोलणार होते. त्यांची ओळख करून देताना मंडळाच्या चिटणीस बाईंनी सांगितलं, "निकालाआधी आम्ही प्रत्येक विजेत्याला लेखकांची नावं तपासायला कळवलं होतं. यांनी लगेच उत्तर दिलं की त्यांच्या वहिनींचं नाव राहिलंय. आम्ही ते आनंदाने घातलं. बाकी सगळ्यांनी नावं बरोबर आहेत असं कळवलं."

वहिनींनी भावजींकडे पाहिलं. भावजींनी चष्मा पुसायला घेतला.

मग भावजींची पाळी आली. त्यांनी निबंध झकास वाचला. आवाज पूर्वीपासूनच चांगला. वाचून झाल्यावर एका परीक्षकांनी विचारलं, "इतके दिवस अंडी तोंडात, मग ही मादी खाते कशी?"

हे निबंधात नव्हतं. निबंध पाठवून झाल्यावर वहिनींनी ते पाहिलं होतं आणि धावत खाली येऊन मला सांगितलं होतं. भक्ष्य सापडलं की मादी अंड्यांचं गाठोडं जाळ्याच्या धाग्याला अडकवून ठेवते, खाऊन घेते आणि पुन्हा तोंडात धरते. भावजींनाही त्यांनी सांगितलं होतं, पण तेव्हा ते पेपर वाचत होते.

टेबलाखाली भावजींनी वहिनींच्या हाताला हात लावला. वहिनींनी हात काढून मांडीवर ठेवला आणि वर कोपऱ्याकडे बघत बसल्या.

"त्यावर अजून निरीक्षण झालेलं नाही," भावजी म्हणाले.

पडदा बंद झाल्यावर ते चिडले. ऐन वेळी तोंडाला कुलूप का लावलंस, म्हणाले. वहिनींचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

"अहो, पहिल्यांदा संगणक चुकला. पण दुसऱ्यांदा त्यांनी तुम्हाला विचारलं होतं."

"अगं, तुला चारचौघांत बोलायला जमलं असतं का? तुझी फजिती नको म्हणून मी—"

"मला विचारलं होतंत?"

वहिनी उठल्या आणि त्यांनी गॅसवर कुकर चढवला.

मी मंडळाला कळवते म्हटलं तर वहिनींनी मला अडवलं. मंडळाने विचारलं होतं, त्यांची काय चूक, म्हणाल्या. आणि यांना चारचौघांत उघडं पाडून मला काय मिळणार? राहायचं तर याच घरात आहे. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "इतकी वर्षं थट्टा केली, त्याचं मला कधी काही वाटलं नाही, बाई. थट्टा करताना तरी ते माझं आहे असं म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काचेचा पेला आणि एक पुठ्ठा घेऊन माझ्या दारात उभ्या. पेल्यात एक कोळी होता. "तुमच्या स्वयंपाकघरातला एक कोपरा द्याल?" दुपारपर्यंत त्यांनी वरखाली खेपा घातल्या. अंडी धरलेली मादी सगळ्यात शेवटी आणली, जिन्यावरून एकेक पायरी जपून उतरत. मग माझ्या संगणकावर स्वतःचा ईमेल उघडला. नावाच्या जागी एका बोटाने एकेक अक्षर शोधून टाइप केलं, वाचलं, पुन्हा वाचलं. पुढचा निबंध मादीच्या खाण्यावर आहे. तो लिहितो आहोत. वहिनींना पूर्वीसारखं हसू येत नाही, आणि पाठवण्याची घाईही नाही.

परवा वरती पाहुणे आले होते. मीही होते. भावजींनी सवयीने कोपऱ्याकडे बोट केलं, "हे हिच्या माहेरचे..." आणि थांबले. कोपरा पांढरास्वच्छ होता. इतक्या दिवसांत त्यांनी वर पाहिलंच नव्हतं.

"माहेरी गेले," वहिनी म्हणाल्या आणि चहाचा ट्रे टेबलावर ठेवून आत गेल्या.