केबिनमध्ये खाल्लेला डबा

निवृत्त होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारी घरातला फोन वाजला. मी ताडकन उठून तो उचलला आणि पलीकडचं काही ऐकायच्या आत विचारलं, “टेंपरेचर किती आहे?”

पलीकडं माझी थोरली बहीण होती. ती म्हणाली, “मला ताप आलाय हे तुला कुणी सांगितलं?”

बायको स्वयंपाकघरात हसत सुटली. मीही हसलो, पण मी विचारलं होतं ते टाकीतल्या दुधाचं.

मी दूध शीतकरण केंद्राचा मॅनेजर होतो. आंबेगाव तालुक्यातल्या गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ आमच्याकडं यायचं. ते तपासायचं, थंड करून टाकीत ठेवायचं आणि टँकर आला की लावून द्यायचं, एवढंच काम. सांगायला सोपं. पण वीज जाते, कॉम्प्रेसर बंद पडतो, डिंभ्याकडची गाडी चिखलात रुतते, टँकर वाटेतच कुठंतरी अडकतो, आणि दूध कुणासाठी थांबत नाही. ते नासायला लागलं की नासतंच. वर बावीस माणसांच्या ड्युट्या लावायच्या. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या शेतात काढणी, कुणाचं कुणाशी पटत नाही. शेवटच्या पाच वर्षांत मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, “ताण कमी करा.” मी मान डोलावली आणि दवाखान्यातूनच केंद्रावर फोन लावला.

सुरुवातीला मी तिथं साधा दूध तपासनीस होतो. ज्या दिवशी मी लागलो त्याच दिवशी एक ऑपरेटरही लागला. तो मढचा. त्याच्या घरची मूळची मेंढरं. थोरला भाऊ अजून कळप राखायचा, हा मशिनकडं वळला. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्याला बिघाड कळायचा. दुपारी कॅन धुवायच्या ओट्यावर आम्ही चार-पाच जण डबे उघडायचो. मी आमच्या लोणी गावची बाजरीची भाकरी नेत असे आणि तो माझी भाकरी घेऊन त्याची तांदळाची मला द्यायचा. “राव, तुमची भाकरी पोटात राहती, आमची लगीच जिरती,” म्हणायचा.

नव्वद सालानंतर मी मॅनेजर झालो. केबिन मिळाली, टेबलावर फोन आला. पहिले काही दिवस फोन सोडून जाता येत नाही म्हणून डबा केबिनमध्ये खाल्ला. पुढं फोनचं फक्त निमित्त राहिलं. ओट्यावर बसलो की कुणीतरी रजा मागायचं, कुणीतरी ड्युटी बदलून मागायचं, आणि शेजारी बसून त्याच्याच डब्यातली भाजी खाताना नाही म्हणणं मला जमत नसे. केबिनमधून नाही म्हणणं सोपं होतं.

अशात एका एप्रिलमध्ये दुपारी वीज गेली. मी तालुक्याच्या गावी बैठकीला गेलो होतो. ड्युटीवर तोच होता. त्यानं जनरेटर लावला, वीज आल्यावर तो बंद केला, पण कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करायचा राहिला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याला झोप लागली. मी परत आलो तेव्हा टाकीला हात लावताच कळलं. सकाळचं सगळं दूध ओतून द्यावं लागलं.

तो समोर उभा राहिला. “झोप लागली साहेब. न्हाई म्हणत नाय. पोरगी तीन दिस तापानं फणफणलीय, डोळ्याला डोळा न्हाई.”

मुलगी आजारी आहे हे मला ठाऊक होतं. दोन दिवसांपूर्वी त्यानं रजा मागितली होती आणि माणूस कमी आहे म्हणून मीच ती नाकारली होती. तरी मी मेमो लिहिला. त्यात रजेचा उल्लेख केला नाही. त्याची वर्षाची पगारवाढ थांबली. मुलगी बरी झाली, पण त्यानंतर माझ्याशी तो कामापुरतंच बोलला. पुढं सात-आठ वर्षं.

तो माझ्या आधी वर्षभर निवृत्त झाला. निरोप समारंभात मॅनेजर म्हणून मीच भाषण केलं. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, असले शब्द वाचून दाखवले. त्यानं नारळ घेतला, सगळ्यांना हात जोडले आणि चहा न घेताच एस.टी. पकडायला गेला.

माझी पाळी आली ती मेअखेर. नव्या मॅनेजरला चार्ज दिला आणि लोणीला घरी आलो. वाटलं होतं, आता सुटलो. पण पहाटे जाग यायची, वीज गेली की मी घड्याळ बघून मिनिटं मोजायचो. काही सुचेना म्हणून मी घरातच व्यवस्था बघायला लागलो. पाणी कुणी कधी भरायचं, गाईचं शेण कुणी काढायचं, याचा कागद करून भिंतीला लावला. बायकोनं तो कागद काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, “आम्ही तुमच्या हाताखाली नाही. जरा कुणाकडं तरी जाऊन या.”

कुणाकडं जावं याचा विचार करताना एकच माणूस आठवला. दोन दिवस टाळलं. जुलैमध्ये एका सकाळी निघालो, तीन एस.ट्या बदलून मढला उतरलो. भातलावणी चालू होती. तो चिखलात गुडघाभर उभा होता, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. मला बघून सरळ झाला.

“साहेब? काय काम काढलं?”

“काम नाही,” मी म्हणालो. “मी आता साहेबही नाही.”

त्यानं हात धुतले आणि मला बांधावरच्या झाडाखाली नेलं. वाटेत ठरवलेलं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. रजा मीच नाकारली होती, ते मेमोत लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, चुकलं.

त्यानं पायाचा चिखल गवताला पुसला. मग म्हणाला, “ते बी चुकलंच तुमचं. पर दूध माझ्याच हातनं नासलं व्हतं. मेमोचा राग वरीसभरात गेला. तुमी डबा खायाला येईना झाले, त्याचा राग लई दिस व्हता. आमी ओट्यावर जागा ठिवायचो. मग कुणी ठिवंना.”

जागा ठेवतात हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की मी उठून आलो ते त्यांना बरंच वाटत असेल; साहेब नसला की माणसं मोकळी बोलतात. हे मी त्याला सांगितलं.

“मोकळं काय बोलायचं? तुमच्याबद्दलच बोलायचो,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

त्याच्या बायकोनं शेतावर भाकरी आणली. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कांदा. आजारी होती ती मुलगी ओतूरला दिलेली होती, तिला दोन पोरं होती. हे सगळं त्यानं जेवताना सांगितलं. मी माझ्या रक्तदाबाचं सांगितलं, आणि बायकोनं भिंतीवरून काढलेल्या कागदाचं. त्यावर त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली.

जेवण झाल्यावर मी पँट दुमडली आणि चिखलात उतरलो. रोपं कशी लावतात हे मला येत नव्हतं, आमच्याकडं बाजरी. मी जुडीतली रोपं खोल खुपसत गेलो.

“आवो पावणं, पुरताय काय? नुसतं टेकवायचं. हात हलका ठिवा.”

मी हात हलका ठेवला. तरी ओळ वाकडी गेली. त्यानं मागून येऊन माझी सात-आठ रोपं उपटली आणि पुन्हा लावायला सांगितली. मी लावली. पाऊस बारीक चालू होता, कंबर दुखत होती. चारची गाडी कधीतरी रस्त्यावरून गेली, ती आम्हाला दोघांनाही कळली नाही. कळल्यावर तो म्हणाला, “आता उद्या सकाळी जावा. हे खाचर पुरं करू.”

घरी निरोप द्यायला हवा होता. त्यानं भावाच्या पोराकडून गावातल्या फोनवरून निरोप देण्याची व्यवस्था केली. ती नीट झाली का, हे मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढची जुडी उचलली आणि त्याच्या शेजारच्या ओळीत उभा राहिलो.