एका घरात दोन घंट्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची एक ठरलेली गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय त्यांच्या हातून लिफ्ट चालू होत नाही, असं इमारतींमधले लोक गमतीने म्हणत. लिफ्टच्या डब्यात एक छोटा दिवा आणि एक घंटा असते. वीज गेली की ती दोन्ही आपापल्या बॅटरीवर चालतात, आणि ती बॅटरी भरलेली राहावी म्हणून तिला दिवसभर थोडी थोडी वीज पाजावी लागते. एका इमारतीच्या सेक्रेटरींनी म्हणे विचार केला, वीज जाते कधीतरी, मग ही दोघं रोज बसून का खातात? वायर काढून टाकली. पुढे वीज गेली तेव्हा डब्यात नेमके सेक्रेटरीच होते, काळोखात, घंटेचं बटण दाबत. इथे मिस्त्री थांबत, पान्याच्या टोकाने कपाळ खाजवत आणि म्हणत, "साहेब, जो नुसता बसलाय असं वाटतं, तोच आपल्यासाठी जागा असतो."

लोक माना डोलावत. गोष्ट चांगलीच होती. पण चांगली गोष्ट सांगणाऱ्याच्या अंगात ती मुरलेली असतेच असं नाही, आणि मिस्त्रींच्या बाबतीत ते पुढे दिसलंच.

सुरुवात फोनपासून झाली. मिस्त्रींचा फोन म्हणजे त्यांचं दुकान. कुठे डबा अडकला, कुठे दार लागेना, की लोक त्यांना फोन लावत. आणि हा फोन सकाळी भरून निघाला तरी जेवायच्या वेळेला मान टाकू लागला. एकदा एका दवाखान्याची लिफ्ट बंद पडली, यांचा फोन बंद, तर तिथल्या लोकांनी दुसऱ्याच कारागिराला बोलावून घेतलं. मिस्त्रींना ते फार लागलं.

"नवा घ्या," बायको म्हणाली.

"बिघाड सापडत नाही म्हणून कोणी लिफ्ट बदलतं का गं?"

"मग शोधा," ती म्हणाली आणि पोळपाट धुवायला गेली. तिला वाद घालायचं त्राण नसे. दुपार झाली की ती भिंतीला टेकून बसे, डोळे उघडे आणि लक्ष कुठेच नाही. मिस्त्री तिला चिडवत, "दिवसभर घरात असतेस, तुझी बॅटरी माझ्या फोनच्या आधी कशी उतरते?" ती हसे. कधी नसेही हसत.

मिस्त्रींचा एक जोडीदार होता. एका जागी दोन मिनिटं उभा राहत नसे म्हणून त्याला सगळे स्प्रिंग म्हणत. स्प्रिंगने सल्ला दिला, की उघडलेली सगळी अ‍ॅप बोटाने वर ढकलून बंद करत जा, दिसलं की ढकल. मिस्त्रींनी मन लावून ढकलाढकल केली. फोन पूर्वी जेवायच्या वेळेला संपे, तो आता त्याच्याही आधी संपू लागला. मग त्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. मोटर चालू होतानाच जास्त वीज ओढते. आपण दर पाच मिनिटांनी ती बंद करणार आणि ती पुन्हा शून्यातून उठणार, तर दुसरं काय होणार? स्प्रिंगला त्यांनी एवढंच सांगितलं, "तू फक्त बोल्ट आवळ."

मग त्यांनी आपल्या पद्धतीने काम हातात घेतलं. लिफ्टमध्ये कुठे वीज मुरतेय ते शोधायचं तर एक वायर सोडवायची, चालवून बघायचं, पुन्हा जोडायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. दोन वायरी एकदम सोडल्या की बिघाड जातो पण कळत काहीच नाही, हे त्यांचं ब्रीद. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचं पान असतं, तिथे कोणतं अ‍ॅप किती खातंय ते दिसतं, हे त्यांना माहीत होतं. पण आधी पान उघडून उत्तर वाचणं त्यांना कॉपी केल्यासारखं वाटलं. आपण आधी ओळखायचं, मग पान बघायचं.

ओळखण्यात ते सपशेल चुकले. पहिला संशय स्क्रीनवर वाहणाऱ्या धबधब्याच्या चित्रावर गेला. धबधबा गेला, फरक शून्य. मग नकाशाचं अ‍ॅप. तेही निर्दोष निघालं, आणि त्या दिवशी मिस्त्री एका नव्या इमारतीभोवती तीन फेऱ्या मारून आले. मग मेहुण्याने फोनमध्ये घालून दिलेला कॅरमचा खेळ. मेहुण्यावर राग होताच, तो खेळावर निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार बरेच दिवस चालला.

शेवटी हरून त्यांनी पान उघडलं. सगळ्यात वर, बाकीच्यांना मागे टाकून, ठमीचं अ‍ॅप बसलं होतं.

ठमी म्हणजे त्यांची मुलगी. सहावीत. तिला अगदी लहानपणापासून साखरेचा आजार. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते टोचून द्यावं लागतं, आणि दिलेलं जरा जास्त झालं किंवा खेळणं वाढलं की रक्तातली साखर भराभर उतरते. हात कापतात, घाम येतो, डोकं बधिर होतं, आणि वेळेत गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध हरपते. तिच्या दंडावर बटणापेक्षा थोडी मोठी एक चकती चिकटवलेली असे. ती चकती साखर मोजून ठमीच्या छोट्या फोनला कळवी, आणि तिथून तोच आकडा आईबाबांच्या फोनवर येई. आकडा खाली गेला की तिन्ही फोन वाजत. अपरात्रीही वाजत. ठमी घरी एकटी असली की मिस्त्री जिथे असतील तिथून फोन लावत, "ठमे, रस पी." रस पिऊन झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवत नसत.

मिस्त्री बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. त्या अ‍ॅपपुढे लिहिलं होतं, की स्क्रीनवर ते जेमतेम दिसतं, बाकी सगळा वेळ मागे चालू असतं. दिवसभर, न दिसता, ते सारखं विचारत होतं, आता किती? आता किती?

इथे त्यांना सेक्रेटरीची गोष्ट आठवायला हवी होती. नाही आठवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते असं. त्यांच्या मनात वेगळंच आलं. आकडा आईच्याही फोनवर येतोच की. आई घरीच असते. एका घरात दोन घंट्या कशाला? अ‍ॅप काढून टाकायचं नाही, नुसतं झोपवायचं. लागेल तेव्हा उघडून बघता येईलच. खाली पर्याय होता, त्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

बायकोला सांगायचं त्यांनी मुद्दाम टाळलं असं नाही. पण सांगितलं नाही हे खरं, आणि त्याचं कारण त्यांना आतून ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तिने एकदा वर बघितलं असतं, आणि त्यांना अंगठा काढून घ्यावा लागला असता.

फोन सुधारला. संध्याकाळी घरी येताना निम्मा भरलेला असे. मिस्त्री स्प्रिंगला, वॉचमनला, भाजीवाल्यालाही दाखवत. "बिघाड शोधावा लागतो," ते म्हणत. पूर्वी रात्री दोन्ही उशांपाशी फोन वाजे, आता फक्त तिच्या उशीपाशी वाजू लागला. तिला वाटे, यांनी आपला उठून बंद केला असेल. ती उठे, स्वयंपाकघरात जाई, रस ओतून ठमीला पाजी. मिस्त्रींना बरी झोप लागू लागली, आणि याचं श्रेयही ते कामातल्या समाधानाला देत.

मग बायकोची दाढ दुखायला लागली. दुखणं अंगावर काढून काढून गाल सुजला, तेव्हा ती काढायचं ठरलं. शाळेला सुटी होती, ठमी घरी राहणार होती. मिस्त्री बुटाचे बंद बांधत होते.

"डॉक्टरांकडे माझा फोन बंद असेल," ती म्हणाली. "तुमच्याकडे वाजेलच."

"हो, हो."

खरं तर स्कूटर चालू करताना त्यांना आठवलं. पोचलो की अ‍ॅप जागं करू, त्यांनी ठरवलं. पोचले तर इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत लिफ्टचा ब्रेक घासत होता, स्प्रिंगने आधीच झाकण उघडलं होतं, दोघांचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले. अशा हातांनी फोन कोण काढतं? फोन खिशात होता, तोही भरलेला.

फोन वाजला तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी खिशातून ओढून काढला. ठमी होती.

"बाबा," तिचा आवाज जड होता, झोपेतून उठल्यासारखा. "तुमचा वाजला नाही का?"

"काय झालं? रस प्यायलीस?"

"प्यायले. आत्ता. थोडा सांडला. माझा वाजला होता. पण मी चित्र काढत होते, थोडंच राहिलं होतं. मला वाटलं, तुमचा फोन आला की उठू. मी वाट बघत होते. मग पेन्सिल धरता येईना, आणि उभंही राहता येईना. बसूनच सरकत गेले फ्रीजपर्यंत."

"बोलत राहा," मिस्त्री म्हणाले. "काय काढलंस ते सांग. बिस्कीटही खा." ती सांगू लागली, घर, झाड, एक कुत्रा, ज्याचे पाय नीट जमत नव्हते. मिस्त्रींनी ग्रीसच्या बोटांनीच अ‍ॅप उघडलं. आधी सकाळचा जुना आकडा दिसला, सगळं छान असल्यासारखा. मग अ‍ॅप जागं झालं आणि खरा आकडा आला. खाली होता, पण आता बाण वर वळला होता. स्प्रिंग आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभा होता.

ते घरी पोचले तेव्हा ठमी चटईवर बसून कुत्र्याचे पाय रंगवत होती. फ्रीजसमोर रसाचं थारोळं होतं. ते त्यांनी पुसलं, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

बायको आली ती तोंडात कापसाचा बोळा घेऊन. बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिस्त्रींनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. बॅटरीचं पान, अंगठा, सकाळचं "हो, हो", ग्रीस, रस. ती मध्येच काही बोलली असती, ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांना अगदी शेवटपर्यंत बोलावं लागलं. ती उठली, ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. डोळे उघडेच होते.

संध्याकाळी बोळा निघाला. ती खिडकीपाशी उभी होती. वळली नाही.

"मला वाटायचं, आपण दोघं जागे आहोत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी अ‍ॅप जागं केलं होतंच. आता चार्जर आणि वायर पान्यांच्या पिशवीत आली. कुठल्याही इमारतीत गेले की आधी प्लग शोधत, मग लिफ्ट. वॉचमन हसत, "मिस्त्री, फोन दुरुस्त केला होता ना?" ते म्हणत, "बिघाड फोनमध्ये नव्हता," आणि कामाला लागत. सेक्रेटरीची गोष्ट त्यांनी सांगायची सोडली. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, राहू द्या, ती शिळी झाली.

पण बायको विश्वास टाकेना. आकडा खाली गेला की मिस्त्रींचा फोन वाजे, ते घरी लावणार इतक्यात तिचाच येई. "वाजला?" ती विचारी. "वाजला," ते म्हणत. एवढंच बोलणं. रात्री दोन्ही फोन वाजत, दोघंही उठत. रस मिस्त्री आणत, तरी ती दारात उभी राही, ग्लास रिकामा होईपर्यंत. मिस्त्रींना वाईट वाटे, पण त्यांनी कधी "आता झोप की" म्हटलं नाही. आता ते तिला दुपारी भिंतीला टेकलेली बघत तेव्हा चिडवावंसं वाटत नसे. हिची बॅटरी कशाने उतरते ते त्यांना आता कळत होतं. ते कळायला बॅटरीचं पान लागावं, याची त्यांना लाज वाटे.

असे पुष्कळ दिवस गेले. एका दुपारी ते त्याच माथ्यावरच्या खोलीत होते. फोन वाजला, आकडा उतरत होता. मिस्त्रींनी हात पुसला आणि वाट बघितली. बायकोचा फोन आला नाही. थोडा वेळ गेला, तरी नाही. त्यांनी ठमीच्या फोनवर लावला.

ठमीने उचलला. "पितेय, बाबा," ती कुजबुजली. घोट गिळल्याचा आवाज आला. "हळू बोला. आई झोपलीये."

"तिचा फोन?"

"तो मुका करून उशीखाली ठेवलाय. म्हणाली, बाबांकडे वाजेल."

ग्लास ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मिस्त्री कानाला फोन लावून उभे राहिले. मग त्यांनी बघितलं, बॅटरीची खूण लाल झाली होती. या खोलीत प्लग नव्हता, खालच्या मजल्यावर होता.

"ब्रेक तू बघ," ते स्प्रिंगला म्हणाले, आणि चार्जर घेऊन घाईघाईने जिना उतरू लागले.