उघड्या डोळ्यांची प्रार्थना

मी निघाले त्या दुपारी बिल्डिंगखाली टॅक्सीभोवती अख्खी मंडळी जमली होती. आमच्या पनवेलच्या चर्चमध्ये कुणी परदेशी निघालं की गाडीभोवती कडं करून प्रार्थना करतात. मंडळींनो, तुम्हाला आठवत असेल, पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनेची लांबण लावली होती आणि पप्पा माझ्या बॅगेचं हँडल सोडत नव्हते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी हळूच पापण्या किलकिल्या केल्या, तर एस्तेरताई थेट माझ्याकडे बघत होत्या.

ताई मूळच्या उरणच्या. पनवेलच्या शाळेत शिकवण्यात हयात गेली, पण वर्गाबाहेर पडल्या की बोली उरणचीच. चर्चमधल्या दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, वर्गाला त्या मला शिकवायला होत्या आणि ती शिकवणी पुढे सुटलीच नाही. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी वडाळे तळ्याला फेरी मारायचो. वयाने माझ्या आईहून मोठ्या, पण मैत्रीणच.

"कशी हायस?"

"ठीक."

"ठीक पालकसायबाला सांग. मला खरा सांग."

मग मी खरं सांगायचे. उपासनेत झोप येते इथपासून देवाचा राग येतो इथपर्यंत. कधी त्या चांगली कानउघाडणी करायच्या, कधी नुसत्याच शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायच्या. स्वतःचंही लपवायच्या नाहीत. नवरा गेल्यावर वर्षभर त्यांनी बायबल उघडलं नव्हतं, हे मंडळीत फक्त मला माहीत होतं. मग तळ्याकाठच्या बाकावर बसून माझ्यासाठी प्रार्थना करायच्या, डोळे टक्क उघडे ठेवून. एकदा मी विचारलंच.

"तुज्यासाठी मागतंय, तं तुज्याकडं नको बगू?" त्या म्हणाल्या.

आई गेली तेव्हा मी रडले नाही. "देवाची इच्छा" म्हणत आल्यागेल्याला चहा दिला. किती खंबीर पोर, केवढा विश्वास, असं सगळे म्हणाले आणि मला ते आवडलं. ऑकलंडच्या एका वृद्धाश्रमातली नोकरी ठरलेलीच होती. दोन महिन्यांत निघाले.

तर टॅक्सीभोवतीचं 'आमेन' झालं आणि ताई खिडकीशी आल्या.

"जातंस तं जा. पन आयसाठी तू अजून रडली नाय. तिकडं जाऊन तरी रड गो."

निघत्या वेळी असं बोलतं का कुणी? मला इतका राग आला की मी काच वर केली. पुढे फोन होत राहिले, पण दरवेळी मी "ठीक" म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना इथलं वेगळं सांगायला नको. रोस्टर, डबल शिफ्ट, रविवारी चर्च, बुधवारी लाइफ ग्रुपची छोटी प्रार्थनासभा. माणसं गोड. हाऊ आर यू, गुड, गुड. कुणी खोदून विचारत नाही. सुरुवातीला त्याचं केवढं बरं वाटलं होतं! पण प्रार्थनेला डोळे मिटले की कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटायला लागलं. मानेवर काटा यायचा. डोळे उघडून बघावं तर सगळ्यांच्या माना खाली. वृद्धाश्रमात आजीबाईंचे केस विंचरताना, किचनमध्ये एकटीने जेवताना, तीच नजर. मी चिडायचे. एवढ्या लांब येऊनही ताई पाठ सोडत नाहीत म्हणजे काय!

मग एका रविवारी सकाळी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निधनाचा मेसेज आला. एस्तेरताई प्रभूमध्ये निजल्या.

मी तशीच चर्चला गेले. प्रार्थना सुरू झाली, डोळे मिटले आणि त्या नजरेची वाट बघत राहिले. ती आली नाही. पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तेव्हा मला रडू फुटलं. भर चर्चमध्ये, "आई गं" असं मोठ्याने ओरडून. त्यातलं आईसाठी किती आणि ताईंसाठी किती, हे मला अजून सांगता येत नाही. शेजारच्या बाईंनी टिश्यू पुढे केला, "यू ओके?" विचारलं आणि मी इथे आल्यापासून पहिल्यांदा "नो" म्हटलं. त्या बाई आता माझी मैत्रीण आहेत.

पप्पा फोनवर विचारतात, "घरी कधी येतेस?" येईनच. पण पप्पा, खरं सांगायचं तर बिल्डिंग, तळं आठवतं, एवढंच. जिथे ती नजर नाही, ती जागा मला आता परकी वाटते.

आमच्या लाइफ ग्रुपमध्ये सध्या पनवेलजवळच्या नेऱ्याची एक मुलगी येते, नवीनच आलेली. कशी आहेस विचारलं की म्हणते, "ठीक आहे, ताई." गेल्या बुधवारी तिच्यासाठी प्रार्थना करताना मी तिच्याकडे बघत होते. तिच्या पापण्या थरथरत होत्या. तेवढ्यात माझ्या मानेवर तो ओळखीचा काटा आला. मी मागे वळले नाही.

तिने एक डोळा उघडला. "ताई, तुम्ही डोळे मिटत नाही?"

"तू मिट," मी म्हटलं. "मी आहे बघायला."