हात खाली

माझ्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. परदेशी निघालेल्या माणसाला त्या बंडी घालायला लावायच्या, त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलायच्या आणि एकदम ओरडायच्या, "चोर!" माणसाचा हात झटकन काखेखाली जायचा. "झालं! जागा तूच दावलीस की. हात खाली."

त्या काळी सोलापुरातून कुणी हजला निघायचं, कुणी आफ्रिकेत नोकरीला. आतून घालायची बंडी आत्याबाईंकडून शिवून न्यायचे. पासपोर्ट मेणकापडात गुंडाळून काखेखालच्या चोरखिशात. पैसे निम्मे पाठीकडे, निम्मे कमरेला. वरच्या खिशात चहापुरती चिल्लर. हजला निघालेले एक म्हातारे पुन्हापुन्हा सापडले. "क्या करूं अम्मा, दिल धडकता, हात आपी जाता." आत्याबाई म्हणाल्या, "धडधडू दे की. हात खाली."

माझे मालक मोंबासाला रेल्वेत कारकून म्हणून निघाले, तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. त्यांच्या बंडीच्या काठात आत्याबाईंनी परतीच्या भाड्याच्या नोटा घातल्या आणि वरून हिरवा दोरा घातला. "ह्यो टाका घरी यायच्या वक्ताला उसवायचा. उपाशी ऱ्हायलास तरी न्हाय."

काही वर्षांनी वळसंगचा एक माणूस तिकडून आला. त्याच्याबरोबर मालकांनी ती बंडी पाठवली होती. निरोप होता, घट्ट होते, या मापावरून मोठी शिवून पाठवा. हिरवा टाका जसाच्या तसा होता. काठात काय आहे, हे ते विसरूनच गेले होते.

आत्याबाईंनी काठावरून बोट फिरवलं. "पोट सुटलंय वाटतं," म्हणाल्या. नवी बंडी बेतली. जुन्या नोटा काढून नव्या काठात घालायला लागल्या. मी चिडले. "कशाला घालताय? ते काय येत न्हाईत आता."

"न येऊ दे. पण भाडं न्हवतं म्हनून ऱ्हायलो, असं त्याला म्हनता येऊ ने."

बंडी गेली. देवळात बायका मला मुद्दाम विचारायच्या, "मालक कधी येनार गं?" माझा हात मंगळसूत्राकडे जायचा. शेजारून आत्याबाई हळूच म्हणायच्या, "हात खाली." मी करायची. मग विचारणारीला काही सापडायचं नाही.

मालक आले नाहीत. आत्याबाई जाऊनही फार वर्षं झाली. आता मला कुणी काही विचारत नाही. तरी हात जातो. कुणी "हात खाली" म्हणेल म्हणून थांबते, आणि मग माझा मीच खाली घेते.