वारलूचा कोरा कागद

खुशाल रामटेके ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होता, आणि जिल्ह्यातल्या बुद्धिबळ खेळाडूंच्या संघटनेचा सचिव. संघटना म्हणजे अकरा माणसं. बाहेरगावच्या खेळाडूला झोपायला जागा मिळावी, एसटी उशिरा आली तर लगेच बाद करू नये, अशा गोष्टींसाठी तो आयोजकांशी भांडायचा.

१९८६ साली चंद्रपूरच्या स्पर्धेत शेवटच्या डावाला त्याच्यासमोर वारलू मडावी बसला. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, चाळिशीचा माणूस; लाकूड डेपोवरच्या एका गार्डाकडून खेळ शिकलेला. तासाभरात त्यानं खुशालचा घोडा मारला. जिंकणारा पुढच्या स्पर्धेसाठी नागपूरला जाणार होता, आणि खुशालला हार दिसू लागली होती.

तेवढ्यात पंच आले. प्रत्येकानं आपल्या चाली लिहायच्या, असा नियम. वारलूचा कागद कोरा.

"मले लिहाले येत नाई साहेब," वारलू म्हणाला. "खेळाले येते."

पंचांनी डाव खुशालला दिला. वारलू उठला आणि व्हरांड्यात चपला घालू लागला.

खुशालनं निकालावर सही केली. ही गोष्ट त्यानं पुढं कधी लपवली नाही. नागपूरला खेळायची त्याची इच्छा बारा वर्षांची होती. चहा आला, तोही तो प्यायला. पण सही वाळली तरी नजर तिच्यावरून हलेना. त्याचा बाप जन्मभर अंगठाच लावत आला होता.

तो पंचांकडे गेला. "डाव पुन्हा चालू करा. संघटनेची तक्रार आहे."

"कोणाची? पॉइंट तर तुमालेच भेटला."

"म्हणून तर इतका वेळ गप होतो. दुसऱ्याले भेटला असता तर मी कवाच टेबल आपटला असता."

आयोजक कुजबुजले. संघटनेतल्या सत्यशीलाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी व्हरांड्यात एसटीची वाट बघत बसलेल्या वारलूला हाक मारली, त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पेन्सिल घेतली. "हे खेळतीन, मी लिहीन. कागद भरला म्हणजे झालं ना?"

पंचांनी होकारार्थी मान हलवली. एकोणीस चालींनंतर खुशाल हरला.

"भाऊ, हत्ती लवकर काढाले पायजे होता," वारलू हात मिळवताना म्हणाला.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या पत्रकात एक ओळ वाढली : लिहिता न येणाऱ्यास लेखनिक मिळेल. वारलू त्या वर्षी आला नाही. जंगलात तेंदूपत्ता तोडायच्या मजुरीचे दिवस होते. सिरोंच्याहून एक म्हातारा शिंपी आला, हात थरथरणारा. त्याच्या चाली खुशालनं लिहिल्या.