आतोबांची पाहुण्यांची खोली

पाहुणा येणार म्हटलं की ज्याला आनंदाने अक्षरशः ताप भरतो, असा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणतो. बडोद्याला वासणा भागातल्या एका सोसायटीत त्यांचं छोटंसं टेनामेन्ट, म्हणजे रांगेतलं दुमजली घर, आहे. त्यातली खालची, कडुनिंबाच्या सावलीतली, सगळ्यांत गार खोली त्यांनी घर घेतल्या दिवसापासून पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे. आतोबा आणि आत्या स्वतः वर, गच्चीखाली, उन्हाळ्यात जिथे भिंतीला हात लावला तरी चटका बसतो अशा खोलीत झोपतात. आत्या कधी कुरकुरली तर आतोबा म्हणतात, "अगं, आपण इथलेच. आपल्याला कुठे जायचंय?" या उत्तराचा अर्थ आत्याला चाळीस वर्षांत लागलेला नाही, मला तर नाहीच नाही.

आतोबांनी गोरव्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर सुटे भाग मापले. निवृत्त झाले, पण खिशातली पोलादी टेप काही निवृत्त झाली नाही. पाहुण्याची उंची ते बोलता बोलता नजरेने घेतात आणि त्या हिशेबाने पांघरूण काढतात. त्यांच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. प्रत्येक पाहुण्याला तिच्यात एक पान. 'चहात आलं हवं, वेलची नको. डाव्या कुशीवर झोपतात.' 'दुधीची भाजी आवडत नाही (सांगत नाहीत, पण पानात ठेवतात).' माझ्या एका चुलत्यांच्या पानावर नुसतंच लिहिलं आहे : 'घोरतात. शेजारची खिडकी लावावी.' गाडी कितीही वाजता येणार असो, आतोबा तासभर आधी फलाटावर हजर. एकदा माझी गाडी चुकली. तर या गृहस्थांनी फलाटावर एकट्याच बसलेल्या एका वृद्धाला, "तुम्हाला न्यायला कुणी आलेलं दिसत नाही," असं म्हणून घरी आणलं, जेवू घातलं आणि संध्याकाळी रावपुऱ्यात त्याच्या मुलीकडे रिक्षाने पोचवलं. त्या वृद्धाचंही वहीत पान आहे.

पण खरं सांगू? या पाहुणचाराने माणसाला धाप लागते. पहाटे साडेपाचला दारावर टकटक आणि "उठलात का? पाणी तापलंय!" ही आरोळी. आठला शिरा, दहाला पुन्हा काहीतरी, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच "ऊन खाली आलंय, चला, फिरून येऊ." कामाधामाची माणसं किती दिवस सोसणार? हळूहळू आमचे नातेवाईक बडोद्याला आले की परस्पर हॉटेलात उतरू लागले आणि जाता जाता फोन करू लागले, "अहो, धावपळीत येणं झालंच नाही." तीन वर्षं त्या खोलीत कुणी झोपलं नाही. आतोबा तरी दर शनिवारी चादर बदलत. शेवटी आत्याने निकाल दिला, "चैत्रात वर्षाचे गहू येतील. तोवर कुणी आलं तर ठीक, नाहीतर गव्हाच्या कोठ्या त्या खोलीत. मला आता ते जड डबे सोसत नाहीत जिन्यावरून."

आणि नेमका त्याच वर्षी माघात मी बडोद्याला गेलो. मित्राच्या मुलाचं लग्न. वऱ्हाडाची सोय शहरातल्या सगळ्यांत झगमगीत हॉटेलात. आतोबांना कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, हे आज लिहितानाही मला लाज वाटते. पण मूर्ख मी! लॉबीतल्या हंड्याझुंबरांचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर टाकला. आत्याने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला खोलीतला फोन वाजला. रिसेप्शनवरची मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "सर, तुमचे आतोबा आलेत. केव्हाचे बसलेत."

खाली गेलो. एवढ्या मोठ्या सोफ्याच्या अगदी कडेला आतोबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. रिसेप्शनच्या टेबलावर हिरव्या चिवड्याचा डबा. तो त्यांनी हॉटेलसाठी आणला होता. "पहिल्यांदाच येतोय, मोकळ्या हाताने कसा येऊ?" तेवढ्या वेळात त्या मुलीचं गाव नंदुरबार, वडील शिक्षक होते, ती इथे मुलींच्या वसतिगृहात राहते, तिथलं जेवण बेताचंच, हे सगळं त्यांना कळलेलं होतं.

"आतोबा, मी येणारच होतो..." मी सुरुवात केली.

"मी रागावलेलो नाही रे," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या आत्याचे गहू आता येतील. त्याआधी मला एकदा बघायचंय, इथे असं काय मिळतं जे आपल्याकडे मिळत नाही. बस्स."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आजची रात्र राहाच माझ्याबरोबर." त्यांनी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "राहा की! मलाही उद्या सकाळी झोप मिळेल."

खोलीत आल्यावर आतोबांनी बूट दाराबाहेर काढले, ते मी आत घेतले. मग टेप निघाली. पलंग मापला. "सहा बाय साडेसहा. आपला चार बाय सहा." उशा मोजल्या. दाराला टांगायची 'त्रास देऊ नका' अशी पाटी दोन्ही बाजूंनी वाचली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. चहा घेऊन पन्नाशीचा एक वेटर आला, तर त्यालाच म्हणाले, "बेसो, भई, बेसो! तमे चा लीधी?" तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्याच्या खोलीत पाहुणा झाला असावा. बसायला तयार होईना, शेवटी उभ्याउभ्याच अर्धा कप प्यायला. तेवढ्यात त्याच्या गुडघेदुखीवर आतोबांनी तेल सांगितलं.

तो गेल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "सगळं आहे इथे," ते म्हणाले. "पण मी चहा कसा घेतो, हे मला कुणी विचारलं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि त्याचंच लोकांना बरं वाटत असेल, नाही का रे?"

मी म्हटलं, "छे, छे, तसं काही नाही." पण ते इतकं पडेल आवाजात निघालं की माझं मलाच ऐकवेना.

सकाळी उठून पाहतो तो आतोबांनी दोन्ही पांघरुणांच्या घड्या घातलेल्या, बेसिन पुसलेलं, न्हाणीघरातले टॉवेल वाळत टाकलेले. निघताना रिसेप्शनवर गेले आणि त्या मुलीला म्हणाले, "फार छान ठेवलंत आम्हाला. आता तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. नुसतं म्हणायला म्हणत नाही हं." एका चिठ्ठीवर पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला. मुलगी हसून म्हणाली, "येईन ना काका." असं सगळेच म्हणतात, आतोबांना तीन वर्षांत ते पाठ झालं होतं. तरी त्यांनी विचारलं, "चहा कसा घेतेस?"

पुढचं मला आत्याने फोनवर सांगितलं. घरी गेल्यावर आतोबांनी खोलीत नव्या सपाता आणून ठेवल्या, उशीवर चिक्कीचे दोन तुकडे आणि दाराला पुठ्ठ्याची पाटी : 'झोपू द्या'. झोपायला कुणी नव्हतंच. गहू आले, दिवेल म्हणजे एरंडेल लावून कोठ्यांत भरले, कोठ्या ओटीवर रांगेने उभ्या राहिल्या. रविवारी त्या आत हलवायच्या ठरल्या. आतोबांनी शनिवारची चादर बदलली नाही.

त्याच संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. तिचे आईवडील नंदुरबारहून येणार होते. वसतिगृहात त्यांना राहू देत नव्हते, आणि ज्या हॉटेलच्या चाव्या ती दिवसभर लोकांना देते, ते तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तिने इतकंच विचारलं, "काका, तुम्ही ते खरंच म्हणाला होतात ना?"

आत्या सांगते, फोन ठेवल्यावर यांचं अंग गरम लागत होतं. गव्हाच्या कोठ्या त्याच रात्री जिना चढून वर गेल्या, दोन शेजारी लावून.

ते आईवडील चार दिवस राहिले. मग त्या वेटरचे थोरले भाऊ गुडघे दाखवायला आले. मग स्वयंपाकघरातल्या कुणाची सासू. हॉटेलात राबणाऱ्या माणसांची माणसं आता वासण्याला उतरतात, आणि निळ्या वहीला दुसरी वही जोडावी लागली आहे.

गेल्या महिन्यात मला बडोद्याला काम निघालं. मी ठरवून टाकलं, हॉटेल नाही. फोन केला, "आतोबा, मी येतोय, खोली..." पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. "खोलीत नंदुरबारची मंडळी आहेत. तू वर ये आमच्यात. घरचा आहेस." स्टेशनवर मला न्यायला कुणी नव्हतं, आतोबा मंडळींना कमाटीबाग दाखवायला गेले होते. रात्री गव्हाच्या कोठीला पाठ लावून जमिनीवर झोपलो. पहाटे साडेपाचला माझे डोळे आपोआप उघडले. खालून टकटक ऐकू आली, "उठलात का? पाणी तापलंय!" आणि नंदुरबारकरांचं समाधानाने खोकणं. मी वाट बघत पडून राहिलो. माझ्याकडे कुणी आलं नाही. सहा वाजले, सात वाजले. त्या आरोळीसाठी माझा जीव तुटेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आठला खाली उतरलो. "मला उठवलं नाहीत?"

आतोबांनी वही काढली आणि माझं पान दाखवलं. जुन्या शाईतल्या आवडीनिवडींच्या खाली निराळ्या शाईत लिहिलं होतं : 'हॉटेलात पाहिलं. उशिरापर्यंत झोपायला आवडतं. उठवू नये. (सांगत नाही.)'

मी त्यांच्या खिशातलं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'साडेपाचला उठवावे.' आतोबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, उद्या एक बादली जास्त तापव." माझी गाडी त्याच संध्याकाळची होती. ती मी सोडून दिली.